तारीख पक्की करायचीच असेल तर आधी आमच्या वॉर्डाची करा

१५ ऑगस्ट २०२४ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी ‘एक देश, एक निवडणूक’ या कल्पनेमागे सगळ्यांनी उभे राहावे असे आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी निवडणूक आयोगाने हरियाणा आणि जम्मू-काश्मीरच्या विधानसभा निवडणुका जाहीर केल्या. महाराष्ट्र त्यात नव्हता. २०१९ मध्ये हरियाणा आणि महाराष्ट्र या दोन राज्यांचे मतदान एकाच दिवशी, २१ ऑक्टोबरला झाले होते. म्हणजे जी दोन राज्ये आधीच एकत्र मतदान करत होती, त्यांना वेगळे केले गेले, आणि तेही ‘सगळ्यांनी एकत्र मतदान करा’ या भाषणानंतर चोवीस तासांत! कारणे दिली गेली पावसाची, सणवारांची, सुरक्षा दलांच्या गरजेची. हरियाणाने ५ ऑक्टोबरला मतदान केले, महाराष्ट्राने २० नोव्हेंबरला. मधल्या काळात महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’चे हप्ते खात्यात जमा होत राहिले.

यात कायदा मोडला गेला असे मी म्हणत नाही. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती, तिच्या आत निवडणूक झाली. माझा मुद्दा वेगळा आहे. तारीख ही साधी कॅलेंडरवरची गोष्ट नसते. तारीख कोणाच्या हातात आहे यावर पैसा कोणाचा चालणार, प्रचाराला वेळ कोणाला मिळणार आणि सरकारी योजनेचा हप्ता मतदानाच्या आधी पडणार की नंतर, हे सगळे ठरते. म्हणून निवडणुकीची तारीख आधीच कायद्याने ठरलेली असावी की नसावी, हा प्रश्न आपल्या चळवळीने ‘तो भाजपचा अजेंडा आहे’ एवढे म्हणून सोडून देऊ नये. सोडून दिला तर त्याचे उत्तर दुसरेच कोणी देतील आणि ते आपल्याला परवडणार नाही.

आधी एक घोळ दूर करू. ‘निश्चित तारीख’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली : मतदान कधी होणार हे सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर नसेल. ती मतदाराची ढाल आहे. दुसरी : ठरलेल्या तारखेपर्यंत सरकार हलवता येणार नाही, किंवा हलवले तरी त्याचा उपयोग होणार नाही. ती सत्ताधाऱ्याची ढाल आहे. पहिलीची जाहिरात करायची आणि पिशवीत दुसरी घालून द्यायची, हा सध्याचा धंदा आहे.

हा फरक आपल्याला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजीच शिकवला आहे. संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना केली. लोकशाहीतल्या सरकारकडे दोन गुण हवेत, स्थैर्य आणि जबाबदारी. पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन आणि स्विस पद्धत स्थैर्य जास्त देते, ब्रिटिश पद्धत जबाबदारी जास्त देते. अमेरिकेत सरकारचे मूल्यमापन ठरावीक काळाने, निवडणुकीत होते. संसदीय पद्धतीत ते दोनदा होते. सभागृहात रोज, म्हणजे प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वास प्रस्तावातून. आणि जनतेकडून पाच वर्षांनी किंवा त्याआधी. भारतासारख्या देशाला रोजच्या मूल्यमापनाची गरज जास्त आहे, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला पसंती दिली, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ‘किंवा त्याआधी’ हे शब्द लक्षात ठेवा. संविधानाच्या अनुच्छेद ८३ आणि १७२ मध्येही मुदत पाच वर्षे, पण त्याआधी विसर्जन झाले नाही तर, अशीच आहे. पाच वर्षे ही कमाल मर्यादा आहे. ती सरकारला दिलेली हमी नाही.

इथे काही अभ्यासू मित्र आडवे येतील आणि विचारतील, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’चे काय? प्रश्न रास्त आहे, टाळू नये. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या त्या निवेदनात बाबासाहेबांनी खरोखरच असे सुचवले होते की कार्यकारी मंडळ विधिमंडळाच्या मुदतीआधी काढून टाकता येऊ नये. ‘एक देश, एक निवडणूक’वाल्यांच्या हाती हे लागले तर ते उद्या बाबासाहेबांच्या फोटोसकट छापतील. पण निवेदन पूर्ण वाचा. त्या योजनेत पंतप्रधान सगळ्या सभागृहाने निवडायचा होता, आणि मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सभागृहातल्या सदस्यांनीच निवडायचे होते. म्हणजे सरकारला स्थिर मुदत द्यायची, पण त्या बदल्यात सत्तेत अस्पृश्यांचा स्वतःचा, स्वतः निवडलेला वाटा आधी घ्यायचा. तो वाटा बहुसंख्याकांनी दिला नाही. वाटा नाही तर निदान रोजचा जाब तरी, असा हिशेब उरला. आज जे स्थैर्य मागतात ते वाट्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यांना फक्त सौद्याची एक बाजू हवी आहे.

आता ज्या देशाकडून आपण ही पद्धत घेतली तिथे काय झाले ते पाहू. ब्रिटनमध्ये पंतप्रधानाने सोयीची वेळ बघून निवडणूक लावायची ही जुनी चाल. २०११ मध्ये कॅमेरून आणि क्लेग यांच्या आघाडी सरकारने कायदा करून ती बंद केली : दर पाच वर्षांनी मे महिन्यातला पहिला गुरुवार, आणि त्याआधी निवडणूक हवी असेल तर सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते, किंवा अविश्वास ठराव. दिसायला चांगले. पण आतली गोष्ट अशी की छोट्या भागीदाराला भीती होती, मोठा भागीदार वारे अनुकूल दिसताच आपल्याला टाकून निवडणुकीला जाईल. लोकशाहीच्या सुधारणेमागे बऱ्याचदा असाच घरातला अविश्वास असतो, आणि त्यात वाईट काही नाही.

कायदा किती टिकला? २०१५ ची निवडणूक ठरल्या दिवशी झाली. २०१७ मध्ये थेरेसा मे यांना मुदतपूर्व निवडणूक हवी झाली. त्यांनी सभागृहात प्रस्ताव ठेवला, तो ५२२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, कारण ‘आम्हाला निवडणूक नको’ असे म्हणायची हिंमत कुठल्या विरोधी पक्षाला होते? (गंमत म्हणजे त्या निवडणुकीत मे यांनीच बहुमत गमावले.) २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांना दोन तृतीयांश मते तीनदा मिळाली नाहीत. मग त्यांनी एक छोटासा स्वतंत्र कायदा साध्या बहुमताने करून घेतला आणि १२ डिसेंबरला निवडणूक लावली. २०२२ मध्ये मूळ कायदाच रद्द झाला आणि तारीख पुन्हा पंतप्रधानाच्या खिशात गेली. त्याचे फळ २०२४ मध्ये दिसले. ऋषी सुनक यांनी ४ जुलैची निवडणूक जाहीर केली, आणि नंतर उघड झाले की सत्ताधारी पक्षाच्या वर्तुळातल्या काही लोकांनी घोषणेच्या आधीच निवडणुकीच्या तारखेवर पैजा लावल्या होत्या. जी गोष्ट अख्ख्या देशाला माहीत नव्हती, तिच्यावर सट्टा खेळला गेला. तारीख कोणाच्या खिशात असली की काय होते याचे याहून उघडेवाघडे उदाहरण शोधून सापडणार नाही.

कॅनडाची गोष्ट तर दोन ओळींत संपते. स्टीफन हार्पर यांच्या सरकारने २००७ मध्ये निश्चित तारखेचा कायदा केला आणि २००८ मध्ये त्याच हार्पर यांनी मुदतीच्या वर्षभर आधी निवडणूक लावली. २०२१ मध्ये ट्रुडो यांनीही तेच केले.

या दोन देशांवरून ‘निश्चित तारीख निरुपयोगी आहे’ असा निष्कर्ष काढणारे काढोत. मला वेगळे दिसते. दोन्हीकडे कुलूपही सत्ताधाऱ्याने लावले आणि किल्लीही त्याच्याकडेच राहिली. आपला प्रश्न हा असला पाहिजे की कुलूप कोणाला बांधते.

आता आपल्याकडच्या विधेयकाकडे या. १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत १२९ वी घटनादुरुस्ती मांडली गेली. मांडायलाच मतविभागणी घ्यावी लागली : २६९ बाजूने, १९८ विरोधात. मग ते संयुक्त संसदीय समितीकडे गेले. त्यातली कळीची तरतूद अशी. राष्ट्रपती एक ‘नियत दिनांक’ जाहीर करतील. त्यानंतर निवडून आलेल्या सगळ्या विधानसभा लोकसभेच्या मुदतीबरोबर संपतील. समजा २०२९ च्या लोकसभेपासून हे लागू झाले. उत्तर प्रदेशाने ठरल्याप्रमाणे २०३२ मध्ये विधानसभा निवडली, तर ती २०३४ मध्ये संपणार. दोन वर्षांसाठी आमदार! आणि पुढे एखादे सरकार मध्येच पडले तर नवी निवडणूक होईल, पण ती फक्त उरलेल्या मुदतीसाठी.

या ‘उरलेल्या मुदती’तच सगळे विष आहे. समजा चौथ्या वर्षी एखाद्या राज्यात सरकारने एखाद्या वस्तीवर झालेला अत्याचार दाबला, आमदार अस्वस्थ झाले, अविश्वास ठराव आणायची वेळ आली. आमदार काय विचार करील? सरकार पाडले तर दहा-अकरा महिन्यांसाठी निवडणूक लढवायची, आणि मग पुन्हा निवडणूक. कोण पाडील? अविश्वास ठराव कागदावर राहील, त्याचे दात पाडलेले असतील. बाबासाहेबांनी ज्याला रोजचे मूल्यमापन म्हटले ते संविधानातला शब्दही न खोडता संपेल. आणि मौज बघा, याच विधेयकात आयोगाला एक दारही ठेवले आहे : एखाद्या विधानसभेची निवडणूक लोकसभेबरोबर घेता येणार नाही असे आयोगाला वाटले तर तो तसे राष्ट्रपतींना सुचवू शकतो आणि ती नंतर घेता येते. म्हणजे मतदारासाठी तारीख दगडावरची रेघ आणि सत्तेसाठी पाण्यावरची.

स्वीडनचे उदाहरण समर्थक हटकून देतात. तिथे दर चार वर्षांनी सप्टेंबरमध्ये निवडणूक होते, आणि मध्ये जादा निवडणूक झाली तरी मूळ वेळापत्रक बदलत नाही. खरे आहे. पण तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, एकाच पक्षाला सगळे घर मिळत नाही, म्हणून संसद निवडणुकीशिवायही सरकार बदलू शकते. १९५८ नंतर तिथे जादा निवडणूक घ्यायची वेळच आलेली नाही. प्रमाणशीर प्रतिनिधित्व देता का? मग स्वीडनबद्दल बोलू.

आपल्या समाजाचा या वेळापत्रकात खरा हितसंबंध काय, हे मान्यवर कांशीराम यांना सगळ्यांत नीट कळले होते. मजबूत नव्हे, मजबूर सरकार हवे, हे ते उघडपणे सांगत. पांढरपेशांना ते विनोद वाटायचे. आकडे बघा. उत्तर प्रदेश विधानसभेत बसपाच्या जागा : १९८९ मध्ये १३, १९९१ मध्ये १२, १९९३ मध्ये ६७, १९९६ मध्ये पुन्हा ६७. सात वर्षांत चार निवडणुका. ‘देशाचा पैसा वाया जातो’ म्हणून उच्चवर्णीय संपादक कपाळाला हात लावत होते त्याच काळात, दर दोन-तीन वर्षांनी मतपेटी समोर येत होती म्हणून, एक उपेक्षित समाज आपली ताकद मोजायला, मित्र बदलायला, सौदा करायला शिकत होता. १९९५ मध्ये मायावती मुख्यमंत्री झाल्या. पुढे २००७ मध्ये ४०३ पैकी २०६ जागा आल्या, त्याही लोकसभेच्या लाटेपासून दूर, स्वतंत्र विधानसभा निवडणुकीत. दोनच वर्षांनी त्याच राज्यात लोकसभेला ८० पैकी २० जागा मिळाल्या. त्याच मतदाराने राज्याचा आणि केंद्राचा विचार वेगळा केला. दोन्ही मतदाने एकाच दिवशी झाली असती तर एका चेहऱ्याच्या होर्डिंगखाली तो फरक दिसला असता का? अलीकडच्या निवडणुकांत बसपाची अवस्था काय झाली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो मी इथे उकरत नाही.

खर्च आणि आचारसंहितेचा मुद्दा पटकन उरकू. आचारसंहितेमुळे नव्या घोषणा थांबतात, सुरू असलेली कामे थांबत नाहीत. रमाई आवासच्या मंजूर घरकुलाचा हप्ता अडवणारा बाबू आचारसंहितेचे नाव सांगतो, कारण त्याला कारण हवे असते. आणि निवडणुका महाग आहेत त्या मतदान केंद्रावरच्या शाईमुळे नाहीत. त्या महाग आहेत पक्षांच्या पैशामुळे, ज्याला कुठलीही मर्यादा नाही. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या नाही. ती घाला, खर्च आपोआप उतरेल.

तर मग आपण निश्चित तारखेच्या विरोधात आहोत का? नाही. उलट मी म्हणतो, गरीब कार्यकर्त्याला तारखेची सगळ्यांत जास्त गरज आहे. ज्याच्याकडे कारखाना आहे, शिक्षणसंस्था आहे, तो तीन आठवड्यांच्या नोटिशीवर निवडणूक लढवू शकतो. ज्याला मजुरी बुडवून फिरायचे आहे, जातपडताळणीच्या दाखल्यासाठी हेलपाटे मारायचे आहेत, त्याला वर्षभर आधी कळले पाहिजे. आणि अशी निश्चित तारीख आपल्या संविधानात तीस वर्षांपासून आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ती दिली. अनुच्छेद २४३ ई आणि २४३ यू सांगतात : पंचायत असो की नगरपालिका, पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, आणि बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात हे बंधनकारक असल्याचे बजावले आहे.

महाराष्ट्रात काय झाले? मुंबईकरांनी नगरसेवक निवडायला फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान केले. त्यानंतरचे मतदान १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ नऊ वर्षे! पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसला. औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूर यांची मुदत तर २०२० मध्येच संपली होती. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, तोही पाळला गेला नाही आणि ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली.

दोष कोणाचा? सगळ्यांचा. ओबीसी आरक्षणासाठी न्यायालयाने २०२१ मध्ये तिहेरी कसोटी लावली, तिच्यासाठी लागणारी माहिती सरकारकडे नव्हती. माहिती गोळा न करण्याचे पाप सरकारचे, आणि गावोगाव कुजबूज मात्र अशी की ओबीसींमुळे निवडणुका अडल्या. आपल्यातल्या काहींनीही ती पुढे ढकलली, हे लाजिरवाणे आहे. मुंबईचे प्रभाग महाविकास आघाडीने २२७ चे २३६ केले, शिंदे सरकारने पुन्हा २२७ केले. आणि मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारे विधेयक विधिमंडळाने एकमताने मंजूर केले. एकमताने! एरवी एकमेकांची तोंडे न बघणारे पक्ष इथे एका ओळीत उभे होते.

त्या काळात नुकसान कोणाचे झाले ते मोजू. आमदार होते, खासदार होते, मंत्री होते, ठेकेदार होते. नव्हता तो फक्त नगरसेवक. २२७ पैकी अनुसूचित जातींचे १५ राखीव प्रभाग नव्हते. निम्म्या जागांवरच्या बायका नव्हत्या. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या पुढचा, तो एका प्रशासकाने मांडला आणि त्यानेच मंजूर केला. स्थायी समिती नाही, सभागृह नाही, प्रश्न नाही, सभात्याग नाही. दलित वस्ती सुधारणेचा निधी कुठे वळला हे विचारायला जायचे तर कोणाकडे? मंत्रालयातून नेमलेला अधिकारी मंत्रालयालाच उत्तर देतो. २०१७ मध्ये तिशीत असलेली, पुढच्या वेळी उभी राहायचे ठरवलेली आपली कार्यकर्ती आता चाळिशीकडे आली. तिची ही वर्षे कुठल्या अहवालात येणार?

काही जण म्हणतील, पंचायती आणि पालिकांचे एवढे काय कौतुक, बाबासाहेबांचा तर गावावर विश्वासच नव्हता. बरोबर. १९४८ च्या त्याच भाषणात त्यांनी गावाला संविधानाचा घटक न मानता व्यक्तीला मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. पण म्हणूनच तर तारीख महत्त्वाची. गावात ज्याची सत्ता जमिनीने आणि जातीने चालते त्याला निवडणूक नसली तरी चालते. त्याचा वाडा दर पाच वर्षांनी कोणी विचारत नाही. आपल्या सरपंच बाईची सत्ता मात्र केवळ संविधानाने ठरवलेल्या आरक्षणातून आणि संविधानाने ठरवलेल्या तारखेतून येते. तारीख सरकली की सत्ता आपोआप वाड्यावर परत जाते.

आता कोविंद समितीकडे पाहा. मार्च २०२४ च्या अहवालात तिने लोकसभा-विधानसभेनंतर शंभर दिवसांत स्थानिक निवडणुका घ्याव्यात अशी शिफारस केली होती. विधेयकात तो भागच नाही. ज्या निवडणुका प्रत्यक्षात वर्षानुवर्षे रखडतात त्या वगळल्या, आणि ज्या बऱ्यापैकी वेळेवर होतात त्यांच्यासाठी घटनादुरुस्ती! कोणी मला ‘निश्चित तारखेचे तत्त्व’ समजावायला आला तर मी त्याला एवढेच विचारतो.

म्हणून आपली मागणी साधी असावी. प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाला परत द्या. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी प्रभागरचना आणि आरक्षण पूर्ण झाले नाही तर जुन्याच रचनेवर निवडणूक घेणे कायद्याने बंधनकारक करा. प्रशासकाला सहा महिन्यांनंतर अर्थसंकल्प मंजूर करण्याचा अधिकार नको. विधानसभा आणि लोकसभेसाठी मतदानाचा महिना वर्षभर आधी जाहीर करा, आणि त्याआधीच्या सहा महिन्यांत थेट खात्यात पैसे टाकणारी नवी योजना बंद. पण अविश्वास ठराव आणि नव्या सभागृहाची पूर्ण मुदत, या दोहोंना हात लावायचा नाही.

पुढच्या उशिराचे निमित्त आत्ताच दिसते आहे. जनगणना २०२७ मध्ये होणार आहे, तीत जातनिहाय मोजणीही आहे. नवी लोकसंख्या आली की नवे प्रभाग, नवे आरक्षण, नव्या याचिका. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या महापालिकांची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. मुदत पहिल्या सभेच्या दिवसापासून मोजतात. प्रत्येक शाखेने आपल्या पालिकेच्या, आपल्या ग्रामपंचायतीच्या पहिल्या सभेची तारीख कार्यालयातून लेखी मिळवावी आणि बुद्धविहाराच्या फलकावर तिच्यापुढे पाच वर्षांनंतरची तारीख लिहावी. त्या तारखेच्या वर्षभर आधी राज्य निवडणूक आयोगाला पहिले पत्र जायला हवे. पोच घ्यायला विसरू नका.

जय भीम!